कोविड शरीरात नेमकं काय करतो? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षं मी एका जिल्ह्याच्या गावी कोविड वॉर्डात फिजिशियन म्हणून काम केलं. ते दिवस मागे पडले, पण प्रश्न थांबले नाहीत. कुणाचे वडील गेले, कुणाची बहीण वाचली पण अजून जिना चढताना मध्ये थांबते, कुणाला नव्या व्हेरियंटची बातमी वाचून पुन्हा धास्ती वाटते. ओपीडीत, फोनवर, व्हॉट्सॲपवर तेच प्रश्न फिरून येतात. त्यांतले बरेचसे खरं तर ‘आमचं काही चुकलं का?’ असंच विचारत असतात, म्हणून काही उत्तरं लांबली आहेत. एका ठिकाणी लिहिलेलं दुसऱ्या ठिकाणी परत लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा विषाणू शरीरात शिरतो तरी कसा?

श्वासावाटे. बाधित माणूस बोलतो, खोकतो, गातो तेव्हा बाहेर पडणाऱ्या बारीक थेंबांतून तो आपल्या नाकाघशात येतो. त्याच्या अंगावर काट्यांसारखी प्रथिनं असतात, त्यांना स्पाइक म्हणतात. हे काटे आपल्या पेशींवरच्या एसीई-२ नावाच्या प्रथिनात अडकतात. एसीई-२ हा मुळात रक्तदाब आणि शरीरातलं मीठ-पाणी सांभाळणाऱ्या यंत्रणेचा भाग. विषाणू त्याचा दाराच्या कडीसारखा वापर करतो. आत गेला की पेशीचीच सामग्री वापरून स्वतःच्या प्रती काढतो, आणि त्या शेजारच्या पेशींवर जातात.

२. सर्दीही नाकातूनच येते. मग हाच छातीत का उतरतो?

साध्या सर्दीच्या बऱ्याच विषाणूंना नाकातला गारवा मानवतो, खाली छातीतल्या उबेत ते तितके वाढत नाहीत. या विषाणूला ती अडचण नाही. त्याला लागणारं एसीई-२ नाकातही आहे आणि फुप्फुसाच्या अगदी तळाशी, वायुकोशांतल्या काही पेशींवरही आहे. तरी बहुतेकांत तो नाकाघशातच अडवला जातो. ज्यांच्यात अडवला जात नाही त्यांचीच गोष्ट पुढच्या बहुतेक उत्तरांत आहे.

३. ‘फुप्फुसात पाणी झालं’ म्हणजे नेमकं काय होतं?

हा प्रश्न नीट समजून घेतला की पुढचं निम्मं सोपं होतं.

फुप्फुस म्हणजे नुसता फुगा नव्हे. श्वासनलिकेला फांद्या फुटत फुटत शेवटी तीस ते पन्नास कोटी वायुकोश तयार होतात. हे सगळे उलगडून जमिनीवर पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे एका बेताच्या टू-बीएचके फ्लॅटएवढी जागा व्यापतील. एवढ्या पसाऱ्यात हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. त्या पडद्यातून ऑक्सिजन रक्तात जातो.

वायुकोशाच्या भिंतीत दोन प्रकारच्या पेशी असतात. पहिल्या प्रकारच्या पेशी चपट्या, पसरट. जवळजवळ सगळी भिंत त्यांनीच झाकलेली असते. दुसऱ्या प्रकारच्या पेशी लहान आणि गोलसर असतात आणि त्यांच्याकडे दोन कामं असतात. एक म्हणजे सरफॅक्टंट नावाचा साबणासारखा पदार्थ तयार करणं, ज्यामुळे श्वास सोडल्यावर वायुकोश चिकटून बसत नाही. दुसरं म्हणजे पहिल्या प्रकारच्या पेशी मेल्या की त्यांच्या जागी नव्या पुरवणं. विषाणू नेमका या दुसऱ्या प्रकारच्या पेशींत घुसतो. म्हणजे भिंतही पडते आणि ती बांधणारा गवंडीही जातो.

मग केशवाहिन्या गळू लागतात. वायुकोशांत रक्तातलं पाणी आणि प्रथिनं उतरतात, मेलेल्या पेशींचा गाळ साठतो आणि आतल्या बाजूला एक चिकट थर बसतो. सरफॅक्टंट कमी झाल्यामुळे उरलेले वायुकोशही मिटू लागतात. हे ‘पाणी’ फुप्फुसाच्या बाहेर साठणाऱ्या पाण्यासारखं नसतं, म्हणून ते सुई घालून काढता येत नाही. ‘डॉक्टर, पाणी काढून टाका ना,’ असं नातेवाईक कळवळून म्हणायचे, तेव्हा एवढं सगळं सांगायला वेळ नसायचा.

४. पहिले सहा-सात दिवस बरे होते. ताप उतरला होता. मग आठव्या दिवशी एकदम कसं बिघडलं?

कारण या आजाराचे दोन भाग आहेत, आणि दुसरा भाग विषाणूचा कमी, आपल्याच शरीराचा जास्त असतो.

पहिल्या आठवड्यात विषाणू वाढतो. ताप, अंगदुखी, घसा, खोकला हे त्या लढाईचं. बहुतेकांत प्रतिकारशक्ती त्याला आवरते आणि मग स्वतःही शांत होते. काहींत मात्र ती शांत होत नाही. पेशींमध्ये निरोप नेणारी सायटोकाइन नावाची रसायनं बेसुमार सुटतात, पांढऱ्या पेशी फुप्फुसात गर्दी करतात, आणि विषाणू ओसरत असतानाच सूज वाढत जाते. सायटोकाइनचं वादळ म्हणतात ते हेच. आपल्या रिपोर्टमधला सीआरपी आणि फेरिटिनचा वाढलेला आकडा या सुजेचाच माग असतो.

साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून पाचव्या ते आठव्या दिवसापर्यंत धाप सुरू होते आणि आठवा ते बारावा दिवस सर्वांत जोखमीचा असतो. म्हणून आम्ही पहिला प्रश्न ‘ताप कोणत्या तारखेला आला?’ हा विचारायचो. टेस्टची तारीख आमच्या हिशेबात दुय्यम. मधल्या दिवसांत बरं वाटणं हा आजाराच्या दोन भागांमधला खंड असू शकतो. तो बाहेरून ओळखू येत नाही. तुम्ही त्याला बरं होणं समजलात यात तुमची चूक नाही.

५. स्टेरॉइडनं माणसं वाचली म्हणतात. मग पहिल्याच दिवशी का दिलं नाही?

पहिल्या भागात प्रतिकारशक्ती हवी असते. स्टेरॉइड तिलाच दाबतं. इंग्लंडमधल्या ‘रिकव्हरी’ या मोठ्या अभ्यासाचा निकाल जून २०२० मध्ये आला. डेक्सामेथासोन, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनवर असलेल्यांत सुमारे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना काहीही फायदा झाला नाही, उलट नुकसानाकडे कल दिसला.

काही रुपयांचं हे औषध. ते योग्य दिवशी मिळालं तर जीव वाचवायचं आणि तिसऱ्या दिवशी मेडिकलमधून परस्पर सुरू केलं तर घात करायचं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘कोविड किट’च्या यादीत पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. तशी सुरुवात करून आलेल्या पेशंटांचं पुढे काय व्हायचं, त्यातला एक भाग प्रश्न १६ मध्ये आहे.

६. बाबांचं सॅच्युरेशन ७८ होतं, तरी ते बोलत होते, चहा पीत होते. मशीन चुकीचं होतं का?

बहुधा नाही. एक दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पन्नाशीचा माणूस कॉटवर मांडी घालून पोहे खातोय, बोटाला ऑक्सिमीटर, त्यावर आकडा ७६. मला म्हणाला, ‘साहेब, मला कशाला ठेवलंय, घरी गाय व्यायलीय.’ त्याच्या ओठांवर निळसर झाक होती. मिनिटाला तो चौतीस श्वास घेत होता, हे त्याला स्वतःला कळत नव्हतं.

गुदमरल्याची जाणीव आपल्याला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. कोविडच्या सुरुवातीच्या टप्प्यात फुप्फुस लवचीक असतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, कारण तो ऑक्सिजनपेक्षा खूप सहज पडदा ओलांडतो. त्यामुळे मेंदूला धोक्याची घंटा ऐकूच येत नाही. शिवाय फुप्फुसाच्या आत दुखण्याची जाणीवच नाही. पाय मोडला तर ओरडतो, वायुकोश भरले तर ओरडत नाही.

आणखी एक बारकावा. रक्तातला ऑक्सिजनचा दाब बराच उतरेपर्यंत सॅच्युरेशनचा आकडा नव्वदच्या वर टिकून असतो. ९० च्या खाली आल्यावर मात्र तो उतारावरून घसरल्यासारखा पडतो. म्हणून ९४ चा ९२ झाला तरी आम्ही सावध व्हायचो. घरी सहा मिनिटं चालायला लावून पुन्हा आकडा बघायला सांगायचो तेही याचसाठी. बसून ९६ आणि चालून ९१ असेल तर फुप्फुसाची शिल्लक संपत आलेली असते.

७. मग ऑक्सिमीटरवर किती भरवसा ठेवायचा?

एका आकड्यावर कमी, आकड्यांच्या ओळीवर जास्त. बोट गार असेल, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल, हात हलत असेल तर चूक होते. बोट चोळून गरम करा, अर्धं मिनिट थांबा, आकडा स्थिरावला की लिहा. सावळ्या त्वचेवर हे यंत्र काही वेळा खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं हे २०२० च्या अखेरीस अमेरिकेतल्या रुग्णांवरून ठळकपणे पुढे आलं. आपल्यासाठी ते महत्त्वाचं आहे. आकडा चांगला आणि माणूस वाईट दिसत असेल तर माणसावर विश्वास ठेवा.

या यंत्रामागचं तत्त्व १९७० च्या दशकात ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्यानं शोधलं. एप्रिल २०२० मध्ये ते वारले, नेमके त्या दिवसांत जेव्हा त्यांचं यंत्र जगभर घराघरांत पोचत होतं.

८. सीटी व्हॅल्यू ३० आणि सीटी स्कोअर १२. यात वाईट कोणतं?

या दोन ‘सीटीं’चा एकमेकींशी संबंध नाही, आणि या घोळापायी लोकांनी फार मनस्ताप सोसला.

सीटी व्हॅल्यू आरटीपीसीआरच्या रिपोर्टवर येते. नमुन्यातला विषाणू दिसायला यंत्राला किती फेऱ्या कराव्या लागल्या तो हा आकडा. आकडा जितका जास्त तितका विषाणू कमी. पण स्वॅब नीट घेतला नाही तरीही आकडा जास्त येतो, म्हणून त्यावरून आजाराची तीव्रता ठरवू नये.

सीटी स्कोअर छातीच्या एचआरसीटीवरून, म्हणजे बारकाईनं केलेल्या सीटी स्कॅनवरून काढतात. फुप्फुसाचे पाच खंड, प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण २५. इथे आकडा जास्त म्हणजे फुप्फुस जास्त बाधित. १२ म्हणजे बारा टक्के नव्हे. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढलेला स्कोअर २ आला म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण त्या दिवशी दुसरा भाग (प्रश्न ४) सुरूच झालेला नसतो.

९. आरटीपीसीआर निगेटिव्ह आली, तरी ऑक्सिजन का काढत नव्हते?

विषाणू गेला, सूज राहिली. घर जाळणारा पळून गेला तरी आग विझायला वेळ लागतो. प्रश्न ४ पाहा. निगेटिव्ह रिपोर्ट दाखवून ‘आता सोडा’ म्हणणाऱ्यांना समजावणं अवघड जायचं.

१०. एकाच पेशंटला एवढा ऑक्सिजन कसा लागायचा?

स्वस्थ पडलेल्या माणसाचं शरीर मिनिटाला सुमारे पाव लिटर ऑक्सिजन वापरतं. एचएफएनसीवरच्या, म्हणजे नाकातल्या नळीतून वेगानं ऑक्सिजन सोडणाऱ्या यंत्रावरच्या पेशंटला मात्र मिनिटाला ६० लिटरपर्यंत द्यावा लागायचा. जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू असतो, म्हणजे एका माणसाला एक सिलिंडर दोन तासही पुरत नाही.

कारण असं, की जे वायुकोश पाण्यानं भरलेत त्यांच्यापर्यंत हवा पोचतच नाही, पण रक्त मात्र त्यांच्या शेजारून वाहत राहतं आणि ऑक्सिजन न घेताच परत हृदयाकडे जातं. उरलेल्या थोड्या उघड्या वायुकोशांत जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन भरून ती तूट काढायची. बहुतेक वायू उच्छ्वासातून वाया जातो. आणि एका मर्यादेपुढे कितीही वाढवला तरी सॅच्युरेशन हलत नाही. रात्री तीन वाजता सिलिंडरच्या काट्याकडे बघत बसलेला वॉर्डबॉय हे गणित कुठल्याही पुस्तकाशिवाय शिकला होता.

११. पोटावर का झोपवायचे? पेशंटला तर त्रास व्हायचा.

फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. उताणं झोपलं की हृदयाचं आणि सुजलेल्या फुप्फुसाचं वजन त्यावरच पडतं, तिथले वायुकोश मिटतात, आणि रक्त मात्र तिकडेच जास्त वाहतं. पालथं झालं की तो भाग मोकळा होतो. काहींचं सॅच्युरेशन दहा मिनिटांत ८४ वरून ९२ वर जाताना आम्ही बघितलंय. व्हेंटिलेटरवरच्या गंभीर रुग्णांना एका वेळी सोळा-सोळा तास पालथं ठेवतात. गरोदर बाईला मात्र पालथं घालायचं नाही. डाव्या कुशीवर.

१२. व्हेंटिलेटरवर गेलेला परत येत नाही. व्हेंटिलेटरमुळेच फुप्फुस फाटतं का?

अर्धं खरं आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

आपण श्वास घेतो तेव्हा छाती फुप्फुसाला बाहेर ओढते. व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो. फुप्फुस आजारी असताना ते सगळीकडे सारखं कडक नसतं. निम्मे वायुकोश बंद असतात, म्हणून ढकललेली सगळी हवा उरलेल्या निम्म्यांत जाते आणि ते ताणले जातात. त्यातून जखम होते, कधी हवा फुटून छातीत जाते. हे माहीत असल्यामुळेच गेली दोन दशकं लहान श्वास देण्याची पद्धत आहे : आदर्श वजनाच्या दर किलोमागे साधारण ६ मिलिलिटर, पूर्वीच्या निम्मा.

पण व्हेंटिलेटरवर कोण जातं? ज्याचं फुप्फुस बाकी सगळ्या उपायांनी भागत नाही तो. मृत्यू जास्त दिसतात ते मुख्यतः म्हणून. शिवाय व्हेंटिलेटर काहीही बरं करत नाही. तो वेळ मिळवून देतो. त्या वेळात सूज ओसरली तर माणूस परत येतो, आणि येतात. माझ्या वॉर्डातून एकवीस दिवसांनी चालत गेलेली बाई आजही दिवाळीला फोन करते. परवानगीच्या कागदावर सही केलीत म्हणून ते गेले, असं मनात आणू नका.

१३. आजार फुप्फुसाचा, मग हार्ट अटॅक आणि लकवा कसा आला?

रक्तवाहिन्यांना आतून एक गुळगुळीत अस्तर असतं. त्यावर रक्त चिकटत नाही. सुजेच्या वादळात हे अस्तर दुखावतं, रक्त गोठवणारी यंत्रणा चेतते आणि गुठळ्या होतात. फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांत झाल्या तर ऑक्सिजन आणखी घसरतो. पायात झाली आणि सुटून फुप्फुसात गेली तर माणूस मिनिटांत कोसळतो. मेंदूत गेली की लकवा. हृदयावर तर चहूबाजूंनी ताण : ताप, कमी ऑक्सिजन, गुठळ्या आणि कधी हृदयाच्या स्नायूचीच सूज.

डी-डायमर ही तपासणी याचसाठी करायचे. ॲडमिट रुग्णांना पोटावर जे रक्त पातळ करणारं इंजेक्शन रोज मिळायचं, तेही याचसाठी. ‘बरे होऊन घरी आले आणि बाथरूममध्ये पडले’ अशा ज्या घटना ऐकल्या, त्यांतल्या काहींमागे गुठळी असावी.

१४. वास का गेला? आणि आता फोडणीचा वास जळक्यासारखा का येतो?

वास ओळखणाऱ्या चेतापेशींवर एसीई-२ जवळजवळ नसतं. त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर असतं. विषाणू त्या आधारपेशींना मारतो आणि चेतापेशी उघड्या पडून मुक्या होतात. आधारपेशी लवकर पुन्हा तयार होतात, म्हणून बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत आला. ज्यांच्या चेतापेशींनाही इजा झाली त्यांच्यात नव्या तारा जोडल्या जाताना चुकीच्या जागी जुळतात, मग कांदा, कॉफी, फोडणी सडकी किंवा जळकी वाटते. हे बरं होण्याच्या वाटेवरचंच लक्षण असू शकतं. वासाचा सराव करा. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग : दिवसातून दोनदा, प्रत्येक वास वीसेक सेकंद, लक्ष देऊन, काही महिने.

१५. किडनी आणि पोटावरही परिणाम होतो का?

होतो. एसीई-२ आतड्यात भरपूर आहे, म्हणून काहींना सुरुवातच जुलाबानं झाली. किडनीला मार बहुतेक वेळा कमी ऑक्सिजन, खालावलेला रक्तदाब, गुठळ्या आणि सूज यांतून बसतो. गंभीर रुग्णांतल्या काहींना डायलिसिस लागलं. बऱ्याच जणांची किडनी नंतर सावरली. ज्यांना आधीच मधुमेह किंवा रक्तदाब होता त्यांची कमी सावरली.

१६. आईला कधी साखर नव्हती. कोविडमध्ये ४०० कशी झाली? आणि काळी बुरशी त्यातूनच आली का?

मोठ्या आजारात शरीर स्वतःच साखर वाढवतं. वर स्टेरॉइड. आणि आपल्याकडे कित्येकांना मधुमेह असतो पण तपासलेला नसतो. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, आधीच वाढलेली निघाली तर साखर जुनीच होती असं समजायचं.

काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस, हा संसर्ग २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रानं फार मोठ्या प्रमाणात पाहिला. ही बुरशी मातीत, कुजक्या पाल्यात, हवेत नेहमीच असते. पांढऱ्या पेशी ठीक असल्या की ती काही करू शकत नाही. वाढलेली साखर त्या पेशींना सुस्त करते, स्टेरॉइड त्यांना दाबतं, आणि रक्त आम्लधर्मी झालं की बुरशीला हवं असलेलं लोह मोकळं मिळतं. ती नाकाशेजारच्या पोकळ्यांत रुजते आणि थेट रक्तवाहिन्यांत घुसते. रक्त बंद झालेला भाग मरून काळा पडतो. काळा रंग बुरशीचा नाही, मेलेल्या मांसाचा आहे.

लक्षणं एका बाजूची असतात : एका गालाला बधिरपणा, एक डोळा सुजणं, एकाचे दोन दिसणं, वरच्या जबड्यातले दात हलणं. कित्येक पेशंट आधी दाताच्या डॉक्टरांकडे गेले आणि त्या डॉक्टरांनी ओळखलं म्हणून वाचले. ती एकापासून दुसऱ्याला होत नाही. एकाच घरात जेवायला घाबरू नका.

१७. तीस वर्षांचा धडधाकट भाऊ गेला आणि पंच्याऐंशीची आजी वाचली. हे कसं?

वय, लठ्ठपणा, मधुमेह यांनी धोका वाढतो, पण ती शक्यता असते, निकाल नसतो. वैयक्तिक फरकामागची दोन कारणं संशोधनातून बरीच स्पष्ट झाली आहेत.

पहिलं : इंटरफेरॉन नावाचं प्रथिन विषाणू आल्याची पहिली हाक देतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात अतिगंभीर रुग्णांपैकी किमान दहा टक्के लोकांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आढळली. ती संसर्गाच्या आधीपासूनच असावीत. त्यात बहुतेक पुरुष होते. अशा माणसाला आयुष्यात कधी काही जाणवलेलं नसतं.

दुसरं : गुणसूत्र ३ वरचा एक तुकडा. आधुनिक माणसांना तो हजारो वर्षांपूर्वी निअँडरथल मानवाकडून मिळाला. तो असलेल्यांत गंभीर आजाराचा धोका वाढतो, आणि दक्षिण आशियात सुमारे निम्म्या लोकांकडे तो आहे, युरोपात सुमारे १६ टक्क्यांकडे. स्वांते पाबो आणि ह्यूगो झेबर्ग या संशोधकांनी २०२० मध्ये हे दाखवलं. पण तो तुकडा असलेले बहुसंख्य लोकही बरे झाले, हेही लक्षात ठेवा.

भाऊ व्यायाम करत होता, निर्व्यसनी होता, हे सगळं खरं असूनही असं होऊ शकतं.

१८. लहान मुलांना काही होत नाही ना?

मुलांत फुप्फुसाचा गंभीर आजार क्वचित झाला. अपवाद एक : संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी, कधी तर संसर्ग कळलेलाही नसताना, मुलाला जोराचा ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, पोटदुखी, उलट्या होतात आणि हृदय कमजोर पडतं. याला एमआयएस-सी म्हणतात. हीही उशिरा भडकलेली सूजच (प्रश्न ४), पण सगळ्या शरीराची. कित्येक मुलांना आधी अपेंडिक्सचा संशय म्हणून आणलं गेलं. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात.

१९. स्वाइन फ्लू आणि कोविड यांत फरक काय?

पुणेकरांना दोन्ही आठवतात. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला, आणि महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण मार्च २०२० मध्ये तिथल्याच नायडू रुग्णालयात दाखल झाले.

फ्लूचा विषाणू वेगळ्या कडीला धरतो आणि श्वासनलिकेतल्या केसाळ पेशींना झोडपतो. हे केस धूळ नि जंतू वर ढकलत असतात. ते गेले की मागून बॅक्टेरिया उतरतात. १९१८ च्या साथीतले बहुतेक मृत्यू अशा मागून आलेल्या न्यूमोनियानं झाले असं आज मानलं जातं. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं. फ्लू बिघडतो तो बहुधा लवकर, आणि ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सर्वांत उपयोगी. कोविडचा दुसऱ्या आठवड्यातला घाव आणि गुठळ्या फ्लूमध्ये त्या प्रमाणात दिसत नाहीत.

२०. वाफ आणि काढ्यानं फुप्फुस साफ होतं का?

वाफ नाकाघशापर्यंत बरं वाटू देते. वायुकोशांपर्यंत तिचा उपयोग पोचत नाही. उकळत्या पाण्याचं पातेलं सांडून भाजलेली मुलं त्या काळात आली, म्हणून घरात लहान मूल असेल तर नकोच. हळद-दूध घ्या. दिवसाला पाच वेळा मिऱ्याचा काढा पिऊन पोटात आग पाडून घेऊ नका.

२१. फुप्फुस पुन्हा पहिल्यासारखं होतं का? गड चढता येईल का?

बऱ्याच जणांचं होतं, पण त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात. दुसऱ्या प्रकारच्या ज्या पेशी वाचल्या (प्रश्न ३) त्या वाढून नवी भिंत घालतात. सूज फार काळ राहिली तर दुरुस्तीत पेशींऐवजी चिवट धागे भरले जातात, जशी खोल जखमेवर वण राहतो. तो फायब्रोसिस. डिस्चार्जच्या वेळच्या सीटीवर ‘फायब्रोसिस’ लिहिलंय म्हणून हबकू नका. त्यातलं बरंचसं सहा महिने ते वर्षात विरताना आम्ही पाहिलंय.

तीन बॉलचं स्पायरोमीटर बहुतेकांनी उलटं वापरलं. त्यात फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं. हळूहळू ओढा, बॉल वर गेला की तीन-चार सेकंद धरून ठेवा, चक्कर येईल इतक्या वेळा करू नका. गड चढायचाच असेल तर आधी घराजवळची टेकडी, ऑक्सिमीटर खिशात घेऊन.

२२. सगळे रिपोर्ट नॉर्मल, पण थकवा जात नाही. मनाचं आहे का?

नाही. संसर्गानंतर तीन महिन्यांनीही लक्षणं असतील, किमान दोन महिने टिकली असतील आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला कोविडोत्तर आजार म्हणते. सौम्य कोविड होऊन गेलेल्यांनाही तो होतो. थकवा, शब्द न आठवणं, उभं राहिलं की छातीत धडधड. याची एक खूण अशी, की आज जास्त काम केलं तर शिक्षा उद्या-परवा मिळते. म्हणून बरं वाटलं त्या दिवशी आठवड्याची साठलेली धुणीभांडी उरकू नका. घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या.

२३. लस घेऊनही कोविड झाला. मग लसीचा उपयोग काय?

दंडावर घेतलेल्या लसीची प्रतिपिंडं मुख्यतः रक्तात असतात. रक्त वायुकोशांना वेढून असतं, म्हणून फुप्फुस चांगलं सांभाळलं जातं. नाकाच्या ओल्या अस्तरावर ती कमी पोचतात आणि लवकर ओसरतात. त्यामुळे सर्दी-ताप येतो, न्यूमोनिया टळतो. ओमायक्रॉनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली : हाँगकाँगच्या प्रयोगशाळेत तो श्वासनलिकेच्या ऊतींत डेल्टापेक्षा कितीतरी वेगानं वाढला, फुप्फुसाच्या ऊतींत मात्र मूळ विषाणूपेक्षाही हळू.

२४. दोन दिवस आधी ॲडमिट केलं असतं तर बाबा वाचले असते का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, बहुधा रात्री येतो.

ऑक्सिजन आणि स्टेरॉइड ज्या दिवशी लागायला लागले त्याच दिवशी मिळाले तर फरक पडतो, हे खरं. पण तो दिवस कोणता, हे त्या दिवशी घरात कळण्याची सोय या आजारानं ठेवली नव्हती (प्रश्न ४ आणि ६). तिसऱ्या दिवसापासून आमच्या डोळ्यांसमोर ॲडमिट असलेले, सगळे उपचार वेळेवर मिळालेले पेशंटही गेले. आणि एप्रिल २०२१ मध्ये दोन दिवस आधी नेलं असतं तरी बेड मिळाला असता का, हे तुम्ही आठवून पाहा.

एक मुलगी वडिलांचं सॅच्युरेशन दर चार तासांनी शाळेच्या वहीत लिहीत होती. ते गेल्यावर वर्षभरानं ती वही घेऊन माझ्याकडे आली, चूक कुठे झाली ते दाखवा म्हणाली. ९७, ९७, ९६, ९७, ९५, ९६, ९६, ९१. ९१ ची नोंद पहाटे चारची होती. साडेपाचला ते वॉर्डात होते, ते मला आठवत होतं. मी वही पहिल्या पानापासून पुन्हा वाचली. तीत चूक नव्हती.